सपाटीचा कंडेन्सर

नगरात तेव्हा मोटारीचे मिस्त्री चार-पाच होते आणि त्यातले तीन खोटारडे होते. उरलेल्यांपैकी एक दारूत गेला. राहिला नियाज. त्याच्याबद्दल लिहायला बसले, तर घरातली तरुण मंडळी म्हणाली, "त्यापेक्षा करंजी घाटातल्या हडळीचं लिही की!" आता यांना काय सांगायचं? नियाजचं लिहिलं की हडळीचं आपोआप लिहून होतं. उलट मात्र होत नाही, आणि लोकांनी आजवर ती गोष्ट उलटीच सांगितली.

नगरच्या कोठला भागात त्याची पत्र्याची शेड होती. मागे दोन खोल्यांचं घर, मधे गोणपाटाचा पडदा. त्रेचाळीस-चव्वेचाळीस साल, लढाई चालू. पेट्रोल कुपनावर, टायर मिळाला तर नशीब, आणि नवं सामान म्हणाल तर ते बोटीतून येणार आणि बोटी सगळ्या लढाईवर. उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लटकवलेल्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं आणि तोंडाला काजळी घेऊन घरी जायचं. आमच्या वडिलांची, म्हणजे शामकांत वकिलांची, छोटी ऑस्टिन घरापेक्षा नियाजकडेच जास्त असे. मी पुण्याला कॉलेजात होते. सुट्टीत आले की 'गाडी कधी मिळणार' हे विचारायला वडील मला पिटाळत, कारण त्यांना भीड पडायची आणि मला पडत नसे.

सामानाच्या टंचाईत सगळ्यात मोठी अडचण सगळ्यात लहान वस्तूची होती. कंडेन्सर. करंगळीएवढी पत्र्याची नळी, आत मेणकागद आणि कथलाची पन्नी घट्ट गुंडाळलेली, बाहेर एक वायर. इंजिनाची ठिणगी जिथून सुटते त्या डब्यात, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमध्ये, दोन पॉइंट सारखे उघडझाप करत असतात. ते उघडताना वीज तिथंच उडी मारून वाया जाऊ नये म्हणून ती क्षणभर धरून ठेवायची, एवढंच या नळीचं काम. ती बिघडली की पॉइंट जळून काळे पडतात, ठिणगी दुबळी होते, इंजिन खोकतं आणि मरतं. त्यातही लबाडी अशी, की बिघडलेली नळी थंड असेपर्यंत शहाण्यासारखी वागते. तापली की दगा देते. गाडी उभी राहून निवली, की पुन्हा चालू. काही झालंच नव्हतं जणू.

नवे मिळत नाहीत म्हटल्यावर नियाजने जुने गोळा केले, मोडीत निघालेल्या गाड्यांतले. प्रत्येक नळी तो आधी तव्यावर तापवायचा. खराच तवा, भाकरीचा. मग तिला कॉइलचा झटका देऊन वायरचं टोक तिच्याच अंगाला टेकवायचा. चट् करून निळी ठिणगी पडली, तर तिने वीज धरली. तापूनही धरली, तर ती एका डब्यात. थंडपणी धरली आणि तापल्यावर सोडली, तर दुसऱ्या डब्यात.

तवा अख्तरीचा. अख्तरी त्याची बायको, माझ्याच वयाची, माहेर पाथर्डीचं. नियाजच्या मावशीचीच मुलगी. पडद्याआडून तिचा आवाज यायचा, "नळ्या भाजून झाल्या असतील तर मी भाकरी टाकू का? का आज कोरड्यासाशी नळ्याच खायच्या?"

"दोनच राहिल्यात गं."

"कालही दोनच राहिल्या होत्या. थांबा, अम्मीलाच सांगते, तुझा भाचा भाकरीतसुद्धा मोटार घालतो म्हणून."

मी हसले की ती पडदा सारून मलाही ऐकवायची, "हसताय काय विजूताई, तुमच्या वडिलांच्या गाडीचंच पाप आहे हे तव्यावर!"

त्या दोन डब्यांना नावं होती. एक घाटाचा, एक सपाटीचा. गाडी घेऊन कुणी आलं की नियाज आधी विचारायचा, "रोजचा रस्ता कुठला?" रस्त्यात चढ असेल तर घाटाची नळी. गाडी गावातल्या गावात फिरणारी असेल तर सपाटीची, कारण तेवढ्यात ती तापतच नाही. कापडवाल्याची नळी दूधवाल्याच्या लॉरीत, लॉरीतली सिनेमावाल्याच्या गाडीत, अशी अदलाबदल चालायची. अर्ध्या नगरच्या गाड्या एकमेकींच्या नळ्यांवर पळत होत्या आणि मालकांना पत्ताही नव्हता. युक्ती वाईट नव्हती. मी आजही म्हणेन, वाईट नव्हती. तिच्यात एकच खोट होती. गाडी रोज कुठं जाते हे माणसाला सांगता येतं. एखाद्या दिवशी कुठं जाईल हे सांगता येत नाही.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात अख्तरी पहिल्या बाळंतपणाला पाथर्डीला गेली. नियाज दर बाजाराच्या दिवशी तिला भेटायला जायचा, मच्छिंद्रच्या सर्व्हिस मोटारीने. मच्छिंद्र नगर-पाथर्डी मोटारीचा ड्रायव्हर, तोंडाने फाटका, हाताने सोनं. एकदा परतीच्या वेळी ती मोटार पाथर्डीच्या स्टँडवरच खोकायला लागली. नियाजने डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून पाहिलं. नळी गेलेली. आत माणसं कोंबलेली, टपावर कोंबड्यांच्या पाट्या, आणि पुढे करंजी घाट. नियाजच्या खिशात एक नळी होती, पण ती सपाटीची.

समोर कापसाच्या जिनवाल्या शेटची शेव्हरोलेट उभी होती. मोटारही शेव्हरोलेटच्याच सांगाड्यावर बांधलेली. शेटचा ड्रायव्हर श्रीमंत. नावाचाच.

"श्रीमंत, तुझ्या गाडीची नळी दे. ही माझी तुला घे."

"आन् शेट?"

"शेट जातो कुठं? घर ते जिन, जिन ते मारुती. तेवढ्याला ही म्हातारी होईपर्यंत पुरेल."

"आन् घाटात न्यायची वेळ आली तर?"

"घाट चढायला पेट्रोल आहे का शेटकडं?"

श्रीमंत हसला. शेटला सांगायचं नाही असं दोघांत ठरलं. मच्छिंद्रने तर विचारलंही नाही. मोटार चालू झाली की ड्रायव्हर लोक 'कुठून, कसं' विचारत नाहीत, हॉर्न वाजवतात.

पुढच्याच आठवड्यात अख्तरीला कळा सुरू झाल्या आणि मूल आडवं आलं. बनुबाई सुईणीने सगळे उपाय केले आणि मग साफ सांगितलं, माझ्या हातात राहिलं नाही, नगरला न्या. सकाळची मोटार केव्हाच गेली होती. शेटच्या कानावर गेलं तसा तो स्वतः चालत आला, म्हणाला, माझी गाडी न्या. साठवलेलं पेट्रोल त्याने काढून दिलं, नियाजला तार केली. शेट भला माणूस होता, हीच पंचाईत झाली.

मागच्या सीटवर अख्तरी, तिला धरून तिची आई शरिफा, पायाशी बनुबाई. पुढे श्रीमंत. वैशाखातली भर दुपार. तिसगावपर्यंत गाडी नीट. करंजीपर्यंत नीट. घाट अर्धा चढल्यावर रस्ता डोंगराला चिकटून वळतो, तिथं ती खोकली आणि मेली. श्रीमंतने इंजिन फिरवायचा दांडा मारला, पुन्हा मारला. निवली तेव्हा चालू झाली आणि वळण संपायच्या आत परत मेली.

शरिफाने मला हे नंतर सांगितलं. म्हणाली, "पोरगी ओरडत होती ते मी सोसलं. मग ती ओरडायची थांबली. आणि बॉनेटातून नुसतं टिक्, टिक्, टिक्. तापलेलं लोखंड निवतं ना, तसं. बाई, ते अजून माझ्या कानात निवतंय."

अख्तरी त्या वळणावर गेली. मूल पोटातच राहिलं. त्यानंतर गाडी चालू झाली आणि उतरत्या उन्हात रडतखडत नगरपर्यंत आली.

नियाज जनाना दवाखान्याच्या फाटकात दुपारपासून उभा होता. गाडी दिसायच्या आधी त्याला ती ऐकू आली. चार ठोके नीट, एक चुकलेला. पुन्हा चार नीट, एक चुकलेला. ती गाडी खोलून पाहायची त्याला गरजच नव्हती. लोक सांगतात, आत वाकून पाहिल्यावर तो मटकन खाली बसला. खोटं. गाडी फाटकाशी आली तेव्हा तो आधीच बसलेला होता.

आता हडळीचं.

श्रीमंत घाबरला होता. नळीची अदलाबदल त्याला ठाऊक होती. तिचा आणि या मरणाचा काय संबंध हे त्याने स्वतःला नीट विचारलं नसावं, पण मनात पाल चुकचुकलीच असणार. पाथर्डीच्या स्टँडवर तो म्हणाला, "वळनावर बाई हुबी हुती. तिनं हात आडवा केला न् इंजान बंद." सुरुवातीला ती नुसती बाई होती. पण बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. महिन्या-दोन महिन्यांत त्या बाईला नाव मिळालं. अख्तरी.

आणि मग त्या वळणावर गाड्या खरंच बंद पडायला लागल्या. पडणारच! सगळ्यांच्या नळ्या जुन्या, आणि इंजिन सगळ्यात जास्त तापतं ते नेमकं तिथं. पूर्वी गाडी बंद पडली की लोक गाडीला शिव्या द्यायचे. आता उतरून लिंबू कापायचे. वळणावर हिरव्या बांगड्या आल्या, खण आले. मुसलमानाची आहे म्हणून कुणी ऊदही जाळून जायचं. अशा बाबतीत आपली माणसं फार काळजी घेतात.

मच्छिंद्रची मोटार मात्र एकदाही बंद पडली नाही. तो मिशीवर ताव देऊन सांगायचा, "मला ती कशी धरंल? मी सलाम करतो तिथं. म्हन्तो, भाभी, तुमच्या मालकाला दर बाजाराला मीच आनत हुतो न्हवं? सोडा मला. की सोडती!" ती सोडत होती, कारण मच्छिंद्रच्या मोटारीत शेटच्या शेव्हरोलेटची नळी होती. अस्सल घाटाची.

हे सगळं नियाजच्या शेडमध्येच बोललं जायचं. ड्रायव्हर लोकांना तेवढाही पोच नव्हता. तो ऐकायचा आणि पाना फिरवत राहायचा. सपाटीचा डबा त्याने त्या वैशाखातच बंद केला होता, त्यातली नळी कुणी पाया पडलं तरी देत नसे. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्या त्यामुळे बिनकामाच्या उभ्या राहिल्या, गिऱ्हाइकं शिव्या देत दुसऱ्या मिस्त्र्यांकडे गेली. रस्त्यावरून मोटार जाऊ लागली की हातातलं काम थांबवून तो मान वर करायचा आणि ती पार कानाआड होईपर्यंत तसाच राहायचा. चुकलेल्या ठोक्याची वाट पाहत. एकदा मी बोलत असतानाच हे झालं. माझं वाक्य अर्धं राहिलं, आणि त्याचा चेहरा पाहून ते पुरं करायचं माझ्याकडूनही राहून गेलं. मागच्या घरात चिटपाखरू नव्हतं. तरी तवा घ्यायला आत जाताना तो पडद्याशी थांबून खाकरायचा, आत कुणी असावं तसा.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मिस्त्री, घाटात गाड्या कशाने बंद पडतात हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. मग सांगत का नाही? बायकोला हडळ म्हणतात, ऐकवतं कसं तुम्हाला?"

तो म्हणाला, "विजूताई, ते सांगितलं की त्याच्या पुढचा सवाल येतो."

"कुठला?"

तो पुन्हा पाना फिरवायला लागला. मी चिडून घरी आले. सवाल साधा होता, पण मला तेव्हा पाथर्डीच्या स्टँडवरच्या अदलाबदलीची कथा ठाऊक नव्हती. हडळ खोटी ठरवायची, तर नळी खरी ठरवावी लागते. नळी खरी ठरली, की ती शेटच्या गाडीत कुणी बसवली हे आलंच. बायकोचं नाव सोडवायचं तर स्वतःचं गुंतवावं लागणार. आणि ऐकणाऱ्यांत सगळ्यात पुढे असणार शरिफा.

शरिफा नुसती सासू नव्हती. त्याची आई तो रांगता असताना गेली, तेव्हापासून या मावशीनेच, त्याच्या खालाने, त्याला वाढवलं. त्याहून अवघड गोष्ट अशी, की शरिफाला ती हडळ हवी होती. दर गुरुवारी ती सकाळच्या मोटारीने यायची, वळणावर एकटी उतरायची, दगडावर बसून दिवसभर लेकीशी बोलायची आणि संध्याकाळच्या मोटारीने परत जायची. मला म्हणाली, "सगळे घाबरतात तिला. मी आई आहे, मी का घाबरू? निदान भेटते तरी." हे ऐकल्यावर माझ्यासारख्या फटकळ बाईचीही जीभ रेटली नाही.

शेहेचाळीसच्या चैत्रात मी आतेबहिणीच्या मुलाच्या बारशाला पाथर्डीला गेले होते. परतताना मच्छिंद्रच्याच मोटारीत जागा मिळाली. पुढच्या बाकावर नियाज आणि शरिफा होते. तिचे डोळे नगरला दाखवायचे होते. मढीची यात्रा नुकती उलगडलेली, त्यामुळे मोटार गच्च भरलेली. ऊन मी म्हणत होतं.

त्या वळणावर शेटची शेव्हरोलेट उभी होती, बॉनेट उघडं. अख्तरी गेल्यापासून शेटने ती जिनच्या पडवीत झाकून ठेवली होती. आता नगरच्या कुणाला तरी विकली होती आणि श्रीमंत ती पोचवायला निघाला होता. निघण्याआधी जरा पाहून दे म्हणून शेटने नियाजला निरोप धाडला होता, तर नियाज त्या पडवीत पाऊल टाकायला तयार झाला नाही. श्रीमंतने नुसते प्लग पुसले आणि निघाला.

मोटार थांबवून मच्छिंद्र ओरडला, "काय रं श्रीमंत, धरली का?"

"धरली," श्रीमंत म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "तिचीच गाडी, तीच जागा. आता कशाला सोडती?"

मोटारीतली माणसं उतरली. कुणी लिंबू शोधू लागलं, बायकांनी पोरं पदराखाली घेतली. यात्रेहून परतणारी एक लंकाबाई होती, आवाज असा की घाट दणाणावा. तिने पायातली चप्पल काढली. हडळीला चपलेचा धाक असतो म्हणतात. "मेली ती मेली, लोकांच्या वाटंवर काय बसली भवानी? व्हय बाजूला!" असं म्हणत तिने चप्पल वळणावर बांगड्या ठेवल्या होत्या तिथं भिरकावली.

शरिफा म्हणाली, "बाई, माझी मुलगी आहे ती."

लंकाबाई क्षणभर चपापली. पण मागे हटणाऱ्यातली नव्हती. "तुजी हाय ना? मग घिऊन जा की घरी! का जोड्यानं मारून हाकलायची आमी?"

शरिफाने तिच्याकडे पाठ केली. ती उन्हात जाऊन ती चप्पल बांगड्यांवरून उचलू लागली.

नियाज मोटारीतून उतरला. "मच्छिंद्र, इंजिन बंद कर."

"घाटात? मिस्त्री, याड लागलं का?"

"बंद कर."

त्याने शेव्हरोलेटच्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढलं. मी शेजारीच होते. पॉइंट काळेठिक्कर, एकावर खड्डा, दुसऱ्यावर खडा. दोन वर्षं जे त्याने पाहायचं टाळलं होतं ते तो बराच वेळ पाहत राहिला. मग पॉइंट घासले आणि नळीचा स्क्रू सोडवायला घेतला.

श्रीमंत त्याच्या कानाशी लागला. "मिस्त्री, नगं. हात जोडतो. जाऊ द्या, निवंल ती."

"हा स्क्रू धर," नियाज म्हणाला.

शेव्हरोलेटची नळी निघाली. मोटारीची निघाली. हिची तिच्यात आणि तिची हिच्यात बसली. त्याने शेव्हरोलेटला दांडा मारला. इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं. तापलेलं होतं, घाट तोच होता, वळण तेच होतं, आणि ते असं एकसारखं बोलत होतं की माणसं मागे सरकली.

"आता तुझी लाव," तो मच्छिंद्रला म्हणाला.

मच्छिंद्रने दांडा मारला. मोटार खोकली, दोनदा हिसडली आणि मेली.

"सलाम कर की."

"मिस्त्री—"

"कर ना. तुला सोडते ना ती?"

मच्छिंद्रने खरंच सलाम केला. पुन्हा दांडा मारला. मोटार ढिम्म.

"गाड्या ही धरते," नियाजने मोटारीच्या इंजिनाकडे हात केला. "ही नळी. अख्तरी नाही. अख्तरीने कुणाची गाडी धरली नाही. तिचं नाव आजपासून कुणी घ्यायचं नाही."

शेव्हरोलेट तेवढी चालू होती. आणि मग पुढचा सवाल आला. शरिफा चप्पल हातात घेऊन तशीच उभी होती.

"नियाज, ही नळी शेटच्या गाडीत कुठून आली?"

"मी बसवली."

"आणि शेटची चांगली होती ती?"

"मच्छिंद्रच्या मोटारीत घातली. मोटारीला घाट चढायचा होता. शेटची गाडी गावातच फिरते म्हणून..."

"ही तापली की मरते, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"तिच्याच तव्यावर तापवून पाहिली होतीस?"

"हो, खाला."

श्रीमंत रस्त्यातच उकिडवा बसला आणि तोंड झाकून रडू लागला. त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही.

शरिफाने त्या बांगड्यांकडे पाहिलं. म्हणाली, "म्हणजे ती इथं नाही."

"नाही."

"कधीच नव्हती."

"नाही, खाला."

"मग मी दर जुमेरातीला कुणाशी बोलत होते?"

मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली, वादविवाद ऐकले, स्वतःही केले. त्या प्रश्नावर काय बोलायचं असतं हे मला अजून सुचलेलं नाही.

तिने चप्पल लंकाबाईच्या पायाशी ठेवली. शेव्हरोलेटचं मागचं दार उघडलं आणि त्या सीटवर, ज्या बाजूला त्या दिवशी ती लेकीला धरून बसली होती त्याच बाजूला, बसली. अर्धी सीट रिकामी ठेवून.

"तू चालव," ती नियाजला म्हणाली. "आता बंद पडत नाही ना?"

"नाही पडणार."

"मग ने नगरला."

मच्छिंद्र पुटपुटला, "आन् आमी?"

"तुमची निवेल," शरिफा म्हणाली. "निवली की या."

गाडी गेली. आम्ही चाळीसएक माणसं त्या वळणावर उभे होतो आणि घाट चढणारा आवाज ऐकत होतो. खिंडीपर्यंत एकही ठोका चुकला नाही. मग आवाज डोंगराआड गेला. लंकाबाई चप्पल घालून गुपचूप मोटारीत जाऊन बसली. आम्ही थांबत, निववत, ढकलत नगरला पोचलो तेव्हा चांदबिबीच्या महालावरचं ऊन गेलं होतं.

हडळ त्या दिवशी संपली असं कुणी समजू नये. ती गोष्ट लोकांना फार आवडली होती. काही म्हणाले, बायकोची अब्रू झाकायला मिस्त्रीने पाप अंगावर घेतलं. पुढे बोटी सुटल्या, नव्या नळ्या आल्या, वळणावर गाड्या बंद पडेनाशा झाल्या, तेव्हा कुठे लिंबं थांबली. पण अख्तरीचं नाव मात्र त्या दुपारनंतर घाटात कुणी घेतलं नाही. हडळ उरली ती बिननावाची. मच्छिंद्रने ते काम चोख केलं; कुणी तोंड उघडलं की तो दांडा घेऊन अंगावर जायचा. नियाजची अर्धी गिऱ्हाइकं तुटली. ज्याने स्वतःच्या बायकोला सांभाळलं नाही तो आमच्या गाडीला काय सांभाळणार, म्हणाले. आमची ऑस्टिन तिथंच जात राहिली. श्रीमंतने ड्रायव्हरकी सोडली आणि जिनमध्ये गठ्ठे बांधायला लागला.

शरिफा पाथर्डीला परत गेलीच नाही. डोळ्यांचं झाल्यावर ती कोठल्यालाच राहिली, त्याच दोन खोल्यांत, आणि तिथंच वारली. त्याचं स्वयंपाकपाणी तिने केलं, तापात उशाशी बसली. तिने त्याला माफ केलं का, असं मला विचारतात. मला काय ठाऊक? मला दिसलं तेवढं सांगते. पूर्वी ती त्याला 'नियाज, बेटा' म्हणायची. घाटातून आल्यावर मरेपर्यंत 'मिस्त्री' म्हणाली. परक्या गिऱ्हाइकाने म्हणावं तसं.

एकदा माझ्यासमोर तो नळावर उभा राहून म्हणाला, "खाला, एकदा तरी नावाने हाक मार."

ती दारातच उभी होती. रागावलेली दिसली नाही. "हात धुऊन घ्या, मिस्त्री," ती म्हणाली, "जेवण वाढलंय."

त्याने साबण घेतला आणि हात धुवायला लागला. ग्रीस निघेपर्यंत ती दारात थांबली होती.